ज्याचा भाग त्याच्या जागी

१९०८ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर एक वेगळीच परीक्षा झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एकाच सिलिंडरच्या तीन कॅडिलॅक गाड्या शेवटच्या नटबोल्टपर्यंत खोलण्यात आल्या आणि तिन्हींचे सुटे भाग एकत्र मिसळले गेले. त्या ढिगातून ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग टाकले. मग मेकॅनिकांनी फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन त्यातून तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. तिन्ही सुरू झाल्या, आणि ट्रॅकवर ५०० मैल धावल्या. त्याबद्दल कॅडिलॅकला डेवार ट्रॉफी मिळाली. कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड हा बंदुकांच्या आणि मोजमापाच्या हत्यारांच्या कारखान्यांत तयार झालेला माणूस होता. एकाच मापाचे हजार भाग करायचे आणि त्यातला कोणताही कुठेही बसला पाहिजे, ही शिस्त त्याने मोटारीत आणली. आज आपण दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगतो आणि नेमका बसणारा पिस्टन घेऊन येतो, ते या शिस्तीच्या जोरावर.

मोटारीच्या इतिहासात या परीक्षेचे स्थान मोठे आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे इंजिन बांधायला बसलेल्या माणसाने तिच्यातून चुकीचा धडा घेऊ नये. ब्रुकलँड्सवर मिसळले गेलेले भाग जवळजवळ नवे होते. त्याच तीन गाड्या लाखभर मैल चालल्यावर त्यांचे भाग असे मिसळले असते, तर इंजिने कदाचित सुरू झाली असती, पण टिकली नसती. नवा भाग त्या जातीच्या कोणत्याही इंजिनाचा असतो. चाललेला भाग मात्र आपल्या जागेशी, आपल्या दिशेशी आणि शेजारच्या भागाशी बांधला गेलेला असतो. प्रस्तुत पुस्तक या एका गोष्टीभोवती उभे आहे, आणि त्यामागची कारणे नवख्या वाचकासमोर ठेवणे हे या प्रस्तावनेचे काम आहे.

उदाहरणासाठी आपल्या ओळखीची इंजिने घेऊ. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन, उत्तरपाड्याहून आलेल्या अँबॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन, आणि महिंद्राच्या जीपमधले हरिकेन. तिन्ही चार सिलिंडरची, तिन्हींचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि तिन्हींत क्रँकशाफ्ट तीनच मेन बेअरिंगवर फिरतो. ही बेअरिंगे जिथे बसतात तो गोल अर्धा ब्लॉकमध्ये आणि अर्धा कॅपमध्ये असतो. कारखान्यात कॅप आधी बोल्टने घट्ट आवळतात आणि मग एका लांब हत्याराने तिन्ही गोल एका फेरीत, एका सरळ रेषेत कापतात. याचा अर्थ असा की कॅप स्वतंत्रपणे तयार झालेलीच नसते. ती ब्लॉकसोबत, त्या एका जागी आणि त्या एका बाजूने तोंड करून कापली गेलेली असते. पहिली कॅप तिसऱ्या जागी बसवली किंवा आपलीच कॅप उलटी फिरवून बसवली, तर बोल्ट तंतोतंत आत जातात, डोळ्यांना काही दिसत नाही, पण गोल दोन-तीन हजारांश इंचाने बिघडतो. हजारांश इंच म्हणजे वर्कशॉपच्या बोलीत थाऊ. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. दोन इंच व्यासाच्या जर्नलभोवती, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाभोवती, तेलासाठी जागाच मुळी दोन थाऊची ठेवायची असते, म्हणजे चूक झाली की तेलाची सगळी जागा संपते. अशा वेळी क्रँक हाताला जड लागला तर नशीब चांगले. हलका लागला आणि तापल्यावर धरला, तर सगळी मेहनत वाया गेली.

कनेक्टिंग रॉडचेही तसेच. रॉडचे मोठे टोक आणि त्याची कॅप एकत्र कापलेली असते, म्हणून दोन्हींवर एकाच बाजूला एकच नंबर ठोकलेला असतो. अँबॅसेडरच्या इंजिनात हे टोक तिरके कापलेले आहे, कारण पिस्टनसकट रॉड वरून सिलिंडरमधून बाहेर काढता यायला हवा. शिवाय मोठे टोक रॉडच्या मध्यरेषेपासून किंचित एका बाजूला सरकवलेले असते. त्यामुळे १ आणि ३ नंबरचे रॉड एका जातीचे, २ आणि ४ नंबरचे दुसऱ्या जातीचे. नवे असताना एकाच जातीचे दोन रॉड आपसांत बदलले तरी चालतात. चालून झाल्यावर तेही चालत नाही. आणि जातच चुकली, तर बेअरिंगची कड क्रँकच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर चढते, आणि पहिल्या काही तासांतच शेल, म्हणजे बेअरिंगचा पातळ अर्धगोल, खाल्ला जातो.

शेल बसवताना तर दिशा हेच सर्वस्व आहे. ब्लॉकमधून मेन बेअरिंगला तेल येते ते एका भोकातून. वरच्या शेलला त्यासाठी भोक असते, आणि काही संचांत खालच्या शेलला ते नसते. दोन्ही शेल आकाराने सारखेच, हातात घेतले तर जुळे वाटावेत असे. अदलाबदल झाली तर तेलाची वाट बंद होते. क्रँकची पुढेमागे होणारी हालचाल रोखणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर एका बाजूला तेलाच्या खाचा असतात. ती बाजू क्रँककडे हवी. ब्लॉककडे गेली तर तेल तिथे पोचत नाही आणि वॉशर सुका घासतो. पिस्टनवर बाण किंवा खूण असते, ती रेडिएटरच्या बाजूला. रिंगवर ‘टॉप’ असे बारीक कोरलेले असते. दुसरी रिंग बहुधा कडेला किंचित उतरती असते, तेल खाली खरवडून नेण्यासाठी. ती उलटी बसली तर तेच तेल वर लोटते आणि नव्याने बांधलेले इंजिन पहिल्याच दिवशी सायलेन्सरमधून निळा धूर ओकते. मालक म्हणतो रिंग खराब निघाली. रिंग चांगलीच असते.

मला या सगळ्यात सर्वांत उद्बोधक वाटतो तो टॅपेट. दिसायला साधा, बोटाच्या पेराएवढा लोखंडी पेला. पण कॅमचा लोब आणि टॅपेटचा तळ यांच्यातला संबंध इंजिनातल्या सगळ्या संबंधांत नाजूक आहे. लोब पूर्ण सपाट नसतो, त्याला अगदी अल्प उतार असतो. टॅपेटचा तळही किंचित फुगीर असतो. त्यामुळे कॅम फिरताना टॅपेट वर-खाली होतोच, शिवाय स्वतःभोवतीही फिरत राहतो आणि झीज एका जागी साचत नाही. काही हजार किलोमीटरांत प्रत्येक टॅपेट आपल्या लोबशी घासून-घासून जुळतो. आठ टॅपेट एका डब्यात टाकले की ही जुळणी संपली. जुन्या कॅमवर नवे टॅपेट एक वेळ चालतात. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नयेत. आणि जुन्या कॅमवर तेच जुने टॅपेट जागा बदलून बसवले, तर लोब गोल होऊन जाण्याची शक्यता फार मोठी. टॅपेट, पुशरॉड, रॉकर, व्हॉल्व्ह या साखळीतला प्रत्येक दुवा नंबर घालून, खाचांच्या पुठ्ठ्यात किंवा लाकडी पट्टीत ठेवावा, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी दिसेल. तो आग्रह टापटिपीच्या हौसेतून आलेला नाही.

जवळजवळ प्रत्येक मॅन्युअलमध्ये, कंपनी कोणतीही असो, एक सूचना हमखास सापडते: काढले त्याच्या उलट क्रमाने बसवा. हिच्यात खोटे काही नाही, पण ती अपुरी आहे. पहिली अडचण अशी की काही भाग जसे निघतात तसे उलट जातच नाहीत. डिस्ट्रिब्युटर फिरवणारा छोटा शाफ्ट पाहा. त्याचे गिअरदाते तिरके असतात, म्हणून तो खाली उतरताना स्वतःभोवती फिरतो. शेवटी त्याची खाच ठरलेल्या कोनात यायला हवी असेल, तर सुरुवातीला तो त्या कोनाच्या थोडा मागे धरून सोडावा लागतो. शिवाय त्या वेळी नंबर एक पिस्टन टॉपला असून भागत नाही, तो कॉम्प्रेशनच्या टॉपला हवा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा टॉपला येतो. चुकीच्या टॉपवर शाफ्ट बसला की ठिणगी अर्धे चक्र आधी-नंतर पडते आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून खोकते. हे उलट क्रम पाळून कळत नाही, इंजिन काय करते ते डोक्यात असावे लागते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जुन्या गाडीचे इंजिन तुमच्या हाती सहसा कारखान्यातून निघाले तसे येत नाही. ते याआधी तीन-चार वेळा कोणीतरी उघडलेले असते, पुष्कळदा पोत्यात भरून येते. मग ‘काढले तसे’ म्हणजे आधीच्या माणसाने बसवले तसे, आणि त्याने चूक केली असेल तर ती जशीच्या तशी पुढे चालवायची. म्हणून जुने इंजिन बांधणाऱ्याला भागांवरच्या खुणा वाचता याव्या लागतात. खुणा नसलेली मेन कॅप कोणत्या जागेची, हे शोधायचे मार्ग आहेत. कॅपवरच्या कापणीच्या रेषा ब्लॉकवरच्या रेषांना जुळतात का, शेल अडकवायची खाच योग्य बाजूला येते का, हे पाहायचे. मग शेल न घालता कॅप आवळून बोअर गेजने गोल तीन दिशांनी मोजायचा. चुकीच्या जागी गोल अंडाकृती निघतो किंवा सांध्यावर पायरी लागते. टॅपेटच्या तळावर एकाच जागी चकाकी असेल तर तो फिरणे थांबवून बराच काळ झाला. शेलच्या एकाच कडेला घासण असेल तर रॉड वाकलेला असण्याचा संभव. भाग स्वच्छ धुण्याआधी हे सारे पाहून लिहून ठेवावे. रॉकेलच्या टबात गेल्यावर निम्मा पुरावा निघून जातो.

ही विद्या इथवर कशी आली, हे समजल्याशिवाय गॅरेजमधल्या काही सवयींचा उलगडा होत नाही. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने कथलाच्या मिश्रधातूचे बेअरिंग शोधून पेटंट घेतले. त्यालाच पुढे आपल्याकडे व्हाइट मेटल म्हणू लागले. सुरुवातीच्या मोटारींत हा धातू वितळवून थेट रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये ओतत. मग तो कापायचा, जर्नलला निळा रंग लावून फिरवायचा, निळे डाग उमटतील तिथे स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा निळा लावायचा. दिवसच्या दिवस हे चाले. शेवटी जर्नलभर निळा सारखा उमटला की बेअरिंग बसले. कॅपखाली पातळ शिम ठेवलेले असत. झीज झाली की एक शिम काढून बेअरिंग पुन्हा घट्ट करत. त्या काळचा फिटर हा खऱ्या अर्थाने इंजिनाचा शेवटचा कारागीर होता, कारण मापाची अखेरची जुळणी त्याच्या मनगटात होती.

१९३० च्या दशकात पोलादी पाठीचे पातळ शेल पसरू लागले आणि हे चित्र पालटले. शेवरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात रॉडचे ओतीव बेअरिंग १९५३ पर्यंत राहिले, पण दिशा ठरून गेली होती. शेल खरवडायचा नसतो. तो जर्नलच्या मापाचाच घ्यायचा असतो, आणि त्याची दोन्ही टोके सांध्याच्या किंचित वर आलेली असतात ती मुद्दाम. कॅप आवळली की शेल दाबला जाऊन पाठीने घट्ट बसतो, फिरत नाही, आणि उष्णता ब्लॉककडे देतो. इथे एका पिढीचे कौशल्य पुढच्या पिढीत दोष ठरले. व्हाइट मेटलवर वाढलेला हात ढिल्या बेअरिंगची कॅप कानसीने घासून ‘टाइट’ करतो, किंवा शेलच्या पाठीमागे पातळ पत्रा घालतो. ओतीव बेअरिंगच्या काळात यामागे तर्क होता. शेलच्या इंजिनात यामुळे गोल कायमचा बिघडतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या ब्लॉकांच्या कॅप अशा घासलेल्या सापडतात, आणि ब्लॉक पुन्हा लाइन-बोअर करून घेण्यावाचून त्यावर उपाय नाही.

आवळण्याच्या बाबतीतही असाच फरक पडला. पूर्वी पाना हाताला किती लागतो त्यावर सारे ठरे. टॉर्क रेंच आला आणि आकडे आले, पण आकड्यांना स्वतःची मर्यादा आहे. आपण पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो. आटे सुके की तेलकट, एवढ्या फरकाने तोच आकडा वेगळा ताण देतो. म्हणून ‘इतक्या पौंडावर आवळा’ हे वाक्य आटे स्वच्छ करून, सांगितले असेल तसे तेल लावूनच खरे ठरते. हेड मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत का आवळायचे, हे ज्याने एकदा वाकलेले ॲल्युमिनियमचे हेड सपाट पट्टीवर ठेवून पाहिले त्याला सांगावे लागत नाही. फियाटचे हेड ॲल्युमिनियमचेच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या क्षेत्रात काही ठळक परंपरा तयार झाल्या. अमेरिकेत शर्यतीच्या नादातून इंजिन ‘ब्लूप्रिंट’ करण्याची पद्धत आली. कारखाना प्रत्येक मापाला थोडी सूट ठेवतो. हे लोक प्रत्येक भाग मोजून त्या सुटीतल्या सर्वांत योग्य मापावर आणतात, पिस्टन आणि रॉड वजनाने सारखे करतात. ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने काम करणाऱ्यांची परंपरा वाढली, आणि जॉन हेन्स यांच्या मॅन्युअलांनी तिला भाषा दिली. त्यांचे पहिले वर्कशॉप मॅन्युअल १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर निघाले. गाडी खरोखर खोलायची, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा आणि मग लिहायचे, ही त्यांची रीत होती. त्याच वर्षी जुन्या वाहनांच्या क्लबांची फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. तिच्या विचाराचा कल जतनाकडे आहे: मूळचे राखता येईल तितके राखा, जे बदलाल ते नोंदवा, आणि शक्यतो असे बदला की पुढच्या माणसाला ते परत फिरवता यावे. या तिन्हींपैकी कोणती श्रेष्ठ, हा वाद मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. मोजण्याची शिस्त पहिलीकडून घ्यावी, क्रमाने पाहण्याची दुसरीकडून, आणि संयम तिसरीकडून.

आपल्याकडे मात्र एक चौथी परंपरा आहे, आणि तिच्यावर पुरेसे लिहिले गेलेले नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५० च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या इंजिनाची वंशावळ १९३७ च्या तुरीनपर्यंत जाते, आणि तेच मूळ आराखड्याचे इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे, आपण शतक संपेपर्यंत चालवले. परवान्यांच्या काळात नवी गाडी मिळायला वर्षे लागत, आयात भाग दुर्मिळ असत, त्यामुळे इंजिन टाकून देणे हा पर्यायच नव्हता. क्रँक दहा थाऊ घासायचा, मग वीस, तीस, चाळीस. बोअर वाढवत न्यायचा, आणि वाढवायला जागा उरली नाही की ब्लॉकला स्लीव्ह घालून पुन्हा स्टँडर्डला आणायचा. एकेका ब्लॉकने असे कितीतरी जन्म घेतले. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूची स्पेअरची दुकाने, कुर्ल्याचा भंगारबाजार, पुण्याचा जुना बाजार, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले लेथ आणि ओतकामाचे कारखाने, यांच्या आधारावर ही सारी व्यवस्था उभी होती.

तिच्या केंद्रस्थानी होती काळी-पिवळी. टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाचे भाडे बुडाले. म्हणून टॅक्सीच्या गॅरेजमध्ये इंजिन कमीत कमी वेळात आणि कमीत कमी पैशांत पुन्हा रस्त्यावर आले पाहिजे, हा नियम होता. पूर्ण इंजिन न उतरवता फक्त रिंगा बदलायच्या, एकच बिगएंड, म्हणजे रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग, खाल्ले असेल तर तेवढेच पाहायचे, हेड काढून व्हॉल्व्ह घासून बसवायचे. हे काम करणारे मिस्त्री पुस्तक वाचून शिकलेले नव्हते. कॉम्प्रेशन किती उरले ते ते हँडल फिरवताना हाताला लागणाऱ्या दाबावरून सांगत, बिगएंडचा आवाज आणि पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज वेगळा ओळखत. अँबॅसेडरचे टॅपेट सेट करताना ते नऊचा हिशेब वापरत: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला मोकळा, सातवा दाबलेला तेव्हा दुसरा, बेरीज नेहमी नऊ. क्रँकची आणि कॅमची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असल्यामुळे हे जमते. कारण सांगा म्हटले तर पुष्कळांना सांगता आले नसते, पण हिशेब कधी चुकला नाही.

या परंपरेकडे ‘जुगाड’ म्हणून तुच्छतेने पाहणे मला मान्य नाही. तिच्यात अचाट कौशल्य आहे आणि ते एका कठोर अर्थकारणाला दिलेले उत्तर आहे. पण तिचे आंधळे अनुकरणही नको. रोज दीडशे किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीला जे पुरत असे, ते वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या जतन केलेल्या गाडीला पुरत नाही. टॅक्सीचा शत्रू झीज होती. आजच्या जुन्या गाडीचा शत्रू आहे उभे राहणे. महिनोन्महिने उभ्या इंजिनात जर्नलवरचे तेल ओघळून जाते, बोअरवर गंज धरतो, आणि पहिली काही सेकंदे सगळे सुके फिरते. बांधताना लावलेले तेल, ऑइल पंप आधी भरून ठेवणे, प्लग काढून तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन फिरवणे, या गोष्टी टॅक्सीवाल्याला चोचले वाटल्या असत्या. आज त्या अनिवार्य आहेत.

हे सारे आत्ताच का लिहायचे, याला कारणे आहेत. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. या गाड्या रोज दुरुस्त होत होत्या तोवर त्यांची विद्या हातातून हातात आपोआप जात होती. आता गॅरेजमध्ये शिकायला येणारा मुलगा स्कॅनर लावायला शिकतो, आणि ते योग्यच आहे, पण टॅपेटचा पुठ्ठा त्याच्या वाट्याला येत नाही. दुसरीकडे, केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी, अशी अट त्यात आहे. कोणत्या तरी नव्या गाडीचे डिझेल इंजिन बसवून फियाट चालवण्याचा सोपा मार्ग त्यामुळे जतन करणाऱ्यांसाठी उरलेला नाही. मूळ इंजिन नीट बांधणे भाग आहे.

त्यात इंधन आणि तेलही बदलले आहे. २००० सालापासून देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला जे संरक्षण मिळे ते गेले, आणि अँबॅसेडरसारख्या ओतीव लोखंडी हेडमध्ये सीट हळूहळू आत खचू लागतात. बांधणीच्या वेळीच कठीण सीट बसवून घेणे शहाणपणाचे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना आणि डायाफ्रॅमना मानवत नाही. आजच्या तेलांत झिंकचे प्रमाण कमी केलेले असते, आणि नेमका कॅम-टॅपेटच्या जोडीला त्याचाच आधार होता. नवा कॅम घातलेले इंजिन सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नये, पहिली वीसेक मिनिटे दोन हजारांच्या आसपास फिरवावे, हा सल्ला त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. बाजारात मिळणारे नवे भागही डोळे मिटून घ्यावेत असे राहिलेले नाहीत. खोक्यावर स्टँडर्ड लिहिले म्हणजे आतला पिस्टन स्टँडर्डच असेल असे धरून चालू नये. मायक्रोमीटर लावल्याशिवाय काहीही ब्लॉकमध्ये जाऊ नये.

आता पुस्तकाविषयी. ते वर सांगितलेल्या तीन इंजिनांवर आधारलेले आहे. फियाट आणि अँबॅसेडर यांच्यावर भर आहे, जीपचे हरिकेन इंजिन तुलनेसाठी घेतले आहे, कारण त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अशी जुनी-नवी मांडणी एकत्र पाहायला मिळते. पण हेतू केवळ या तीन गाड्यांपुरता नाही. हेराल्ड, मॉरिस, हिलमन, कोणतीही त्या काळातली गाडी असणाऱ्याला विचाराची पद्धत उपयोगी पडावी, म्हणून प्रत्येक ठिकाणी भाग कुठे बसतो यापेक्षा तो तिथेच का बसतो, यावर अधिक शब्द खर्च केले आहेत. कारण कळले की वेगळ्या इंजिनापुढेही माणूस अडत नाही.

काही गोष्टी या पुस्तकात जाणीवपूर्वक घेतलेल्या नाहीत. ताकद वाढवणे, कार्ब्युरेटर बदलणे, कॅम घासून घेणे यांना इथे जागा नाही. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामे मशिन-शॉपची आहेत आणि ती घरी करू नयेत. पण तिथून आलेले काम स्वतः मोजून घेण्याची जबाबदारी बांधणाऱ्याचीच आहे, आणि त्यासाठी लागणारे मोजमाप सविस्तर दिले आहे: रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट कशी पाहायची (दर इंच बोअरला तीन ते चार थाऊ, म्हणजे फियाटसाठी साधारण आठ ते अकरा), प्लॅस्टिगेजची दोरी जर्नलवर ठेवून ती किती पसरली यावरून बेअरिंगची फट कशी वाचायची, क्रँकची पुढेमागे होणारी हालचाल डायल गेजने कशी मोजायची. महाग हत्यारांची यादी मुद्दाम लांबवलेली नाही. चांगला मायक्रोमीटर, बोअर गेज, फीलर गेज, टॉर्क रेंच आणि नंबर ठोकायचे पंच एवढ्यावर बहुतेक काम होते. नंबर ठोकताना नेहमी मोटारीच्या पुढच्या बाजूने मोजावे, रेडिएटरजवळचा सिलिंडर एक. ठोकायचे ते कॅपच्या आणि रॉडच्या बाहेरच्या जाड भागावर, सांध्यावर नव्हे.

मिस्त्रींचे शब्द जसे गॅरेजमध्ये बोलले जातात तसेच ठेवले आहेत. वाचक स्पेअरच्या दुकानात किंवा मशिन-शॉपमध्ये गेला की त्याचे बोलणे समोरच्याला कळले पाहिजे. मापे इंच आणि मिलिमीटर दोन्हींत आहेत, कारण अँबॅसेडर इंचात विचार करते आणि फियाट मिलिमीटरमध्ये. एकाचे बोल्ट दुसऱ्यात ‘जवळजवळ’ बसतात, आणि अशा बोल्टांनी पुष्कळ आटे मारले आहेत.

पुस्तकातले सारे आकडे स्टँडर्ड मापाच्या इंजिनासाठी आहेत. तुमच्या क्रँकवर आधी किती घासकाम झाले आहे, ब्लॉकला स्लीव्ह आहे की नाही, हे पहिल्यांदा शोधा आणि शेवटी जोडलेल्या कोऱ्या तक्त्यांत भरा. तक्ते खोलतानाच भरायला घ्यावेत, पेन्सिलीने, कारण दुसऱ्यांदा मोजल्यावर बरेच आकडे बदलतात. इंजिन बांधून झाल्यावर अखेरची मापे शाईने लिहून ती पाने गाडीच्या कागदपत्रांत ठेवावीत. पुढे ते इंजिन उघडणाऱ्याला ती सापडतील.